इंदुमतीचं तिकीट

सावेडी, अहिल्यानगर
१३ जानेवारी २०२५

चि. अनीश यास,
अनेक आशीर्वाद. ते रीतीप्रमाणे आहेत. मी प्रसन्न आहे असा अर्थ काढू नकोस.

रविवार दि. १२ जानेवारी २०२५ रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मुंबई विमानतळावर, क्वालालंपूरच्या विमानाच्या काउंटरवरून मला परत पाठवण्यात आलं. तारीख आणि वेळ आधी लिहिते, कारण आठवीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी तक्रार अशीच लिहायला शिकवली, आणि पोस्टात चौतीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी अशाच लिहून घेतल्या.

माझ्या पासपोर्टवर वैजयंती राशिनकर आहे. तू काढलेल्या तिकिटावर इंदुमती राशिनकर. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर संस्कृती अशी पट्टी होती. तिला मी आपली संस्कृती समजावून सांगितली: माहेरी वडिलांनी इंदुमती ठेवलं, अठ्ठ्याहत्तर साली लग्नात तुझ्या काकांनी तांदळाच्या ताटात अंगठीने वैजयंती लिहिलं, बाई तीच आहे. ती म्हणाली, आजी, माझ्या आईचंही तसंच आहे, पण कॉम्प्युटरला ताट दिसत नाही. माझ्या मागे चाळीस माणसं उभी होती. त्यातला एक गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाला की, म्हातारी दुसऱ्याच कुणाच्या तरी तिकिटावर निघालीय.

गाडी आपल्या कोपऱ्यावरच्या गोरक्षची होती. तो पार्किंगमधून परत आला आणि दारावरच्या पोलिसाला सांगू लागला की, सायेब, या बाई त्याच हायेत, मी वीस वर्सं वळखतो, कुठं सही करायची ती सांगा. येताना आळेफाट्याला त्याने मला बळेच चहा पाजला. पहाटे सगळ्या कॉलनीने फाटकापर्यंत येऊन निरोप दिला होता. केशरबाईने हातावर दही ठेवलं होतं, तिला मी तीन आठवड्यांची सुट्टी दिली होती. आज सकाळी ती झाडांना पाणी घालायला आली, तर मी दारात. तिने विचारलं, इतक्यात फिरून झालं व्हय?

तुझी आई बारा वर्षं तुझ्या बदल्यांमागून फिरली. बँकॉक, सिंगापूर, आता क्वालालंपूर. प्रत्येक शहरातून तिने मला कसं वागायचं, काय खायचं, कुठे सांभाळायचं ते लिहिलं. मी त्याप्रमाणे बॅग भरली होती. गाड्यांतल्या गारठ्यासाठी शाल. सिंगापूरच्या खाऊगल्लीत टेबल अडवून ठेवायला टिश्यूची पाकिटं. बँकॉकच्या देवळांसाठी खांदे झाकणारे ब्लाऊज आणि चटकन निघणारे बूट. तुमचा पत्ता त्यांच्या भाषेत लिहिलेला कागद, टॅक्सीवाल्याला दाखवायला. हे सगळं आता दिवाणावर पडलं आहे.

ऑक्टोबरात तूच कळवलंस की ताईची स्मृती झपाट्याने चालली आहे. तिन्ही शहरं तिला मला स्वतः हिंडवून दाखवायची आहेत, आणि आठवताहेत तोवरच ते जमेल. म्हणून तर मी निघाले. आणि तुला मावशीचं नाव विचारायला एक फोन करवला नाही.

काल संध्याकाळी फोनवर तू हसलास आणि म्हणालास, शुक्रवारचं दुसरं तिकीट काढतो. मी फोन ठेवला, आणि यापुढे या विषयावर फोन घेणार नाही. कागदावर, तुझ्या सहीने, झाल्या प्रकाराचा खुलासा आणि क्षमा दि. २० जानेवारीपर्यंत माझ्या हातात पडली पाहिजे. तोवर मी कुठल्याही विमानात पाऊल ठेवणार नाही.

कळावे. लोभ आहे, पण सध्या तो कपाटात ठेवला आहे.

तुझी मावशी,
वैजयंती राशिनकर
(पासपोर्टप्रमाणे)


क्वालालंपूर
१८ जानेवारी २०२५

ती. इंदूमावशीस,
अनीशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी गोरक्षकडून स्कॅन करून मागवलं नसतं तर वीस तारखेनंतरच पोचलं असतं, हे तुला, पोस्टातल्या बाईला, मी काय सांगावं! माझं हे कुरियरने पाठवतोय. तू फोन घेत नाहीस. सुनेचा, देवश्रीचाही घेतला नाहीस. शुक्रवारचं तिकीट काढलं होतं, वैजयंती राशिनकर या नावाने. विमान गेलं, तू आली नाहीस.

नावाचं म्हणशील, तर घरात मी जन्मापासून इंदू हेच ऐकत आलो. आई इंदू म्हणते, अप्पासुद्धा मेहुणीला इंदूच म्हणायचे. इथे यायला व्हिसा लागत नाही, सिंगापूरचा तू आल्यावर काढणार होतो, म्हणून पासपोर्टची प्रत मागायची वेळच आली नाही. तुला त्रास झाला असेल तर मी क्षमा मागतो. पण मावशी, तिकीट दोन जानेवारीला तुझ्या मोबाईलवर आलं होतं. उघडलेलं मला दिसलं. तूही काही बोलली नाहीस.

आता महत्त्वाचं. आईचे सध्या चांगले दिवस आहेत. सकाळचे तीन-चार तास ती अगदी पूर्वीसारखी असते, देवश्रीला भाजीवरून बोलते, नातीच्या, मनवाच्या, मराठी उच्चारांवर हसते. दुपारनंतर शहरं एकमेकांत मिसळतात, अप्पा गेलेत हे विसरते. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचं त्यांनी आत्ता भेटावं. परवा तिने स्वतःहून कागद मागितला. सोबत तिचं पत्र आहे, मी एक अक्षर बदललेलं नाही.

नाव सांग, तारीख सांग, तिकीट काढतो. रागाचं नंतर बघू.

तुझ्या शिव्यांवरही हक्क सांगणारा,
अनीश


(सोबतचे पत्र)

चि. इंदूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तू निघालीस का गं? अनीश म्हणतो, तुझं काहीतरी कागदाचं अडलंय. तुझं नेहमी कागदाचंच अडतं. मॅट्रिकच्या फॉर्मवर तू जन्मतारीख लिहिली नव्हतीस आणि हेडमास्तरांशी भांडून आली होतीस.

आता नीट ऐक. विमानतळावरून आगगाडीने ये, टॅक्सीवाल्याच्या नादी लागू नकोस. गाडीत बायकांचा गुलाबी डबा असतो, त्यात बस. काही खाऊ नकोस, पाणीसुद्धा पिऊ नकोस, दंड करतात. उतरलीस की कालव्यावर होडी लागलेली असते. होडी थांबत नाही, नुसती टेकते, म्हणून दोरी धरून पटकन चढ आणि साडी आवर. पाणी घाण आहे, तोंड मिटून बस, तुला ते अवघड जाईल. शेजारी भगव्यातला भिक्खू असला तर त्याला धक्का लागू देऊ नकोस, बाईचा स्पर्श त्यांना चालत नाही. होडी पुणतांब्याच्या घाटाला लागते. तिथून मुरुगनच्या देवळाला दोनशे बहात्तर पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. माकडं चष्मा ओढतात, पर्समध्ये ठेव.

जेवायला बसताना आधी टेबलावर रुमाल टाक, मग रांगेत जा. शाकाहारी म्हणून सांगितलं तरी विचार, माशाचं पाणी घालतात आणि हसून नाही म्हणतात.

अप्पांना स्टेशनवर यायला सांगू नकोस, ते तास तास बसून राहतील. मी येईन. मला सगळे रस्ते माहीत आहेत. फक्त लवकर ये, कारण आमची इथूनही बदली होईल असं वाटतं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
ताई


सावेडी, अहिल्यानगर
२७ जानेवारी २०२५

चि. अनीश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र २५ तारखेला मिळालं. मुदत २० होती. कुरियरवाल्याने ते शेजारी देऊन टाकलं होतं, आमच्या काळात असं चाललं नसतं.

ताईचं पत्र चार वेळा वाचलं. तिची एकही सूचना चुकीची नाही, फक्त गावं हलली आहेत. होडी बँकॉकची, पायऱ्या क्वालालंपूरच्या, दंड सिंगापूरचा, घाट आपला. मी वहीत प्रत्येकीसमोर तिचं शहर लिहून ठेवलं. तिला सांग, हेडमास्तरांशी भांडले होते हे खरं, पण जन्मतारीख त्यांनी खोडली होती.

आता तुझं पत्र. "त्रास झाला असेल तर" ही क्षमा नव्हे. त्रास झाला. लगेच पुढच्या वाक्यात "पण" आहे, आणि त्या "पण"मागे मी दोषी. चाळीस माणसांपुढे मला लबाड ठरवलं गेलं, ते तुझ्या हातून, आणि तू मला मोबाईल दाखवतोस. क्षमा मागायची तर एका वाक्यात, "जर" आणि "पण" शिवाय, सरळ मराठीत मागावी. ती दि. १० फेब्रुवारीपर्यंत आली की त्याच दिवशी मी तारीख कळवते. ताईचे चांगले दिवस आहेत हे तूच लिहिलं आहेस, तेव्हा दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

बॅग भरलेलीच आहे.

मनवाला पापे. लोभाचं तुझ्या पुढच्या पत्रानंतर.

वैजयंतीमावशी


क्वालालंपूर
२० फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. तुझं पत्र पाच फेब्रुवारीला आलं. रविवारी उत्तर लिहायला बसणार होतो. त्याच रविवारी, नऊ तारखेला सकाळी, आईला मेंदूचा झटका आला. अकरा दिवस दवाखान्यात होती, काल घरी आणली. दवाखान्यातून केलेला फोन तू घेतलास, त्यावर एवढंच सांगितलं की तब्येत बरी नाही. बाकीचं बोलवलं नाही, म्हणून लिहितो.

ती आता आम्हाला ओळखत नाही. देवश्रीला परिचारिका समजते आणि वाकून आभार मानते, ते बघवत नाही. मला अहो-जाहो करते. बोलते फार थोडं. तुझा फोटो दाखवला, तुमच्या दोघींचा, घाटावरचा. तिने तो सभ्यपणे पाहिला आणि परत दिला, कुणा पाहुण्यांचा असावा तसा.

परवा ऑफिसातले एक जण भेटायला आले, तर ती घाबरून ओरडली, हातातली सुई उपटली. डॉक्टरांनी नवीन माणूस खोलीत आणू नका म्हणून सांगितलंय. मी विचारलं, सख्खी बहीण असेल तर? ते म्हणाले, तिच्यासाठी तीही नवीनच. पुन्हा पूर्वीसारखं होईल का विचारलं, तर ते नाही म्हणाले. तेव्हा मावशी, येऊ नकोस.

तिकिटावर मी तुझं नाव चुकीचं घातलं. चूक माझी. मला क्षमा कर.

तुझा,
अनीश


सावेडी, अहिल्यानगर
६ मार्च २०२५

चि. अनीश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. क्षमा हवी तशी आहे. सरळ मराठीत, "जर" आणि "पण" शिवाय. मी ती वाचली आणि घडी करून ठेवली. तिचं आता काय करायचं ते मला कळत नाही.

गोरक्ष विचारून गेला, बाई, गाडी कधी लावू? तेल-पानी करून ठेवलंय. त्याला नको म्हणून सांगितलं. केशरबाईला बॅग रिकामी करायला सांगितली, तर तिने शाल तेवढी बाहेर ठेवली, म्हणाली थंडी गेली न्हाई अजून. इथे छत्तीस डिग्री आहे.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे काकासाहेब आले होते. मंडळातले अकरा जण एप्रिलमध्ये बँकॉक-सिंगापूरला निघालेत. मला म्हणाले, तुमच्या बहिणीमुळे तुम्हाला तिकडची खडान्‌खडा माहिती, आमच्यासाठी दोन पानं लिहून द्या. मी संगमनेरच्या पलीकडे फारशी न गेलेली बाई. लिहून दिली. सगळी ताईची वाक्यं, ज्या त्या शहराखाली. पहिला मुद्दा मात्र माझा: पासपोर्टवरचं आणि तिकिटावरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळवून पाहा, बायकांनी विशेष. काकासाहेब म्हणाले, हे छान, अनुभवाचं दिसतं. मी त्यांना चहा न देता वाटेला लावलं.

आता तुझ्या "तूही काही बोलली नाहीस" याचं उत्तर. मी टाळलं होतं.

दोन जानेवारीला तिकीट आलं तेव्हा मी ते उघडलं. नाव वाचलं. पुन्हा उघडलं, पुन्हा वाचलं. सत्तेचाळीस वर्षांत ते नाव कुणी छापलं नव्हतं. रेशनकार्डावर नाही, पगाराच्या चिठ्ठीवर नाही, पेन्शनच्या कागदावर नाही. तुझे काका चांगले होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यांनीही कधी त्या नावाने हाक मारली नाही. ते नाव आता जगात ताई एकटी घेते आणि तिच्यामुळे तू. मला इतका आनंद झाला की ते चुकलंय हे मनातही आलं नाही. पोस्टात मी नाव जुळत नाही म्हणून शेकडो मनीऑर्डरी परत पाठवल्या आहेत. चूक तुझी जेवढी, तेवढी माझी. आणि शुक्रवारच्या विमानात मी बसले नाही, ती चूक सगळी माझीच. त्यात तुझा वाटा नाही.

मी येणार नाही. तिला घाबरवायला कशाला यायचं.

मात्र एक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मला फोनवर नको. १२ जानेवारीच्या रात्री मी तिच्याकडे पोचणार होते. ९ फेब्रुवारीला तिला झटका आला. मधले अठ्ठावीस दिवस सकाळचे तीन-चार तास ती शुद्धीवर होती. त्या दिवसांत तिने माझी चौकशी केली का? किती वेळा केली? आणि इंदू का आली नाही, याचं तू तिला दर वेळी काय कारण सांगितलंस? कागदाचं अडलंय असं सांगत राहिलास, की ती रुसून बसलीय हे खरं सांगितलंस?

जसं घडलं तसं लिही. माझं मन राखू नकोस, मी कुणाचं राखलेलं नाही. उत्तर लेखी, सहीनिशी, दि. ३१ मार्च २०२५ पर्यंत माझ्या हातात पडलं पाहिजे.

तुझी,
इंदूमावशी