फ्रीजवरचा कागद

प्रिय आहारतज्ज्ञ बाईसाहेब,

चिडू नकोस. तुला या नावानं हाक मारायची माझी खोड जुनी आहे, आणि आज नुसतं तुझं नाव घेऊन सुरुवात करायला धीर होत नाहीये. परवा तुझा निरोप आला. तू लिहिलंस, की आईच्या गोळ्यांची मात्रा कमी ठेवायला तूच डॉक्टरांना सांगितलंस, तिथंच चुकलं. लांब बसून आपण उगाच शहाणपण शिकवत होतो, असंही लिहिलंस. आता आईला तुझ्याकडे न्यायचा विषय तू सोडलास, शनिवारी ती हॉस्पिटलमधून सरळ माझ्याकडेच यावी, तिचं काय ते मीच बघावं, तू मध्ये बोलणार नाहीस. तुझ्या दादाला मी तो निरोप मोठ्यानं वाचून दाखवला. खरं सांगू? मला आनंद झाला. चहा गार झाला तरी मी फोन हातातून खाली ठेवला नाही. तेवीस वर्षं हेच एक वाक्य तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला.

मी तुझ्यावर जळते, हे तुला ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. दिसायला, शिकायला तू पुढे होतीस म्हणून नव्हे, ते मी कधीच सोडून दिलं. आई दर रविवारी तुझा फोन यायच्या आधी केस विंचरून बसते, म्हणून. त्या फोनवर चेहराही दिसत नाही! तरी विंचरते, आणि मला म्हणते, जरा शिलाई मशीन बंद कर गं, तिचा आवाज नीट येत नाही. मी पडदे शिवते, अभ्रे शिवते, दिवसभर तिच्यापासून दहा पावलांवर असते. तिची पाठ शेकते, नखं कापते, चष्मा शोधून देते. माझ्यासाठी कुणी केस विंचरत नाही. रोज समोर असलेल्या माणसासाठी कोण विंचरणार, हे मलाही कळतं. कळूनही पोटात दुखायचं ते दुखतंच.

आणि त्यातून माझ्याकडे एकच गोष्ट होती अभिमानाची, ती म्हणजे माझं स्वयंपाकघर. तुझ्या दादाच्या छातीत दुखलं, डॉक्टर म्हणाले तेल जरा बेतानं, आणि मी बेतानं वगैरे नाही, तेलाचं नावच काढून टाकलं. आठवतं ना, तू हसली होतीस? बाटलीला लाल दोरा बांधून ठेवायची मी, महिनाभरात पातळी त्या दोऱ्याच्या खाली जाता कामा नये. सगळं उकडलेलं नाहीतर वाफवलेलं. लोणी नाही, अंड्यातला पिवळा भाग नाही. वर्षभरात तुझ्या दादाचं वजन उतरलं, रिपोर्ट सुधारले. शेजारच्या बायका विचारायला येऊ लागल्या, तुम्ही कसं जमवता हो? आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्याकडे काहीतरी शिकायला येत होते. आई तेवढी जेवताना म्हणायची, चव आहे हो, पण घशाखाली उतरत नाही.

त्यात आईचा तो रक्ताचा रिपोर्ट आला, व्हिटॅमिन डी अगदी तळाला. तू डॉक्टरांशी बोललीस, आठवड्याला एक घ्यायच्या गोळ्यांचा डबा पाठवलास आणि डब्यासोबत तुझ्या टपोऱ्या अक्षरातला तो कागद. फोनवर अर्धा तास समजावलंस आईला. ए, डी, ई आणि के, ही चार जीवनसत्त्वं पाण्यात नाही, चरबीत विरघळतात. ताटात थोडं तेल, लोणी, अंडं काहीतरी असेल तरच अंगी लागतात. आणि बाकीच्यांसारखी लघवीवाटे निघून न जाता शरीरात साठून राहतात, म्हणून जास्तही घ्यायची नाहीत. आईनं ते पाढ्यासारखं पाठ केलं. ए डोळ्यांना, डी हाडांना, ई पेशींना, के रक्त गोठायला. दूधवाल्याला ऐकवलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना ऐकवलं. प्रत्येक वेळी सुरुवात ठरलेली: माझी लेक म्हणते. कागद फ्रीजवर चुंबकानं लावला. मी भाजी काढायला फ्रीज उघडायची तेव्हा तुझं अक्षर नाकासमोर. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच फ्रीजवर, तू मला लोणी वाढायला सांगत होतीस. नुसता तिळपापड झाला माझा.

तर ऐक. मी ती गोळी आईला एकदाही जेवणासोबत दिली नाही. दर रविवारी सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, बिनदुधाच्या चहाबरोबर दिली. सहा महिने. मनात म्हणायची, गोळी ती गोळी, पोटात गेल्याशी कारण, आणि हिच्या एका कागदासाठी मी काय तेलाची बाटली पुन्हा ओट्यावर आणू? एकही रविवार चुकवला नाही हं मी. उद्या कुणी विचारलंच तर म्हणता यावं, की बघा, मी सगळं वेळच्या वेळी केलं.

मग आई पलंगाच्या कडेवर बसायला गेली, कड चुकली आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये पुन्हा रक्त तपासलं तर डी जेमतेम हललेलं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, गोळी कशासोबत घेत होत्या? तूही होतीस तिथं, औषधाच्या गुंगीत पडलेल्या आईचा हात धरून. मी म्हटलं, जेवणासोबत. तुझा चेहरा पडलेला मी पाहिला. मग मात्राच कमी पडली म्हणायची, असं तू म्हणालीस आणि बाहेर जाऊन रडलीस. मी तुला पाणी आणून दिलं, पाठीवरून हात फिरवला. बिचारी वहिनी, किती करते, असं तू तुझ्या दादाला म्हणालीस, तेही मी ऐकलं. आणि लाज वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं गं.

गप्पच राहिले असते मी. पण तुझ्या निरोपात शेवटी होतं, की शनिवारपासून गोळी दुप्पट करायचं तू डॉक्टरांशी बोलते आहेस. त्या दुप्पट शब्दानं घाबरले. कारण हॉस्पिटलमध्ये आईला रोज दुपारी आख्खं अंडं मिळतं, पावाला लोणी मिळतं. लहान मुलीसारखी बोटं चाटते ती. म्हणजे आता गोळी अंगी लागणार, आणि त्यात दुप्पट. तुझंच वाक्य डोक्यात घुमायला लागलं, साठून राहतात. तुझ्या बडबडीतलं मला काहीच लक्षात नसतं असं आई म्हणते. मला शब्दन् शब्द लक्षात होता. काल सकाळी एकटी जाऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी दुप्पट करायचं रद्द केलं. मात्रा तू सांगितलीस तीच बरोबर होती म्हणाले. हाड त्यामुळेच मोडलं का, असंही विचारलं मी. ते म्हणाले, हाडं वर्षानुवर्षं झिजतात, सहा महिन्यांचा हिशेब कुणी देऊ शकत नाही, कदाचित तरीही मोडलं असतं. त्या कदाचितला मी कालपासून धरून बसले आहे. शिवाय म्हणाले, तुमच्या साहेबांनाही थोडं तेल लागतंच, बेतानं म्हणजे बंद नव्हे. घरी आले आणि बाटलीचा दोरा सोडला.

पण डॉक्टरांनाही न सांगितलेली एक गोष्ट उरते, आणि ती फोनवर बोलता येणार नाही, कारण तू मिनिटभरात जाऊ दे गं वहिनी म्हणून मोकळी होशील. पाकिटात बघ, कागदाची एक बारीक पट्टी आहे. तुझंच अक्षर. ‘उपाशीपोटी नको. तेल किंवा लोणी असलेल्या जेवणासोबतच.’ तुझ्या कागदाची शेवटची ओळ. कापडाची कात्री मी कधी कागदाला लावत नाही, तिची धार जाते. तुझ्या दादाच्या हातातून किती वेळा हिसकावून घेतली असेल. त्या दिवशी तीच उचलली आणि ही ओळ सरळ रेषेत कापली, कुणाला शंका येऊ नये इतकी सरळ. दुसऱ्याच रविवारी आई म्हणाली, अगं, ती जेवणासोबत म्हणाली होती ना? मी म्हटलं, कागद बघा. आईनं चष्मा लावला, फ्रीजसमोर उभी राहून वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग म्हणाली, माझंच डोकं चालेनासं झालं बहुतेक. तेव्हापासून ती साध्या साध्या गोष्टी मला विचारते, गॅस बंद केला का मी, औषध घेतलं का मी, आज वार कोणता. तुझ्याशी फोनवर हल्ली कमी बोलते ना? काहीतरी चुकीचं बोलून जाईन आणि लेकीला कळेल, अशी भीती वाटते तिला, मला म्हणाली तसं. शनिवारी तू ये आणि आईला तुझ्याकडे घेऊन जा. तिनं जाताना वळून पाहिलं नाही तर मी जळेन, पाहिलं तर त्याहून जळेन, ते माझं मी बघेन. फक्त गाडीत बसल्यावर ही पट्टी तिच्या हातात दे. मी दोनदा पर्समध्ये घालून हॉस्पिटलात नेली, तिच्या उशाशी बसले आणि तशीच परत आणली. तिला सांग, तुला सगळं बरोबर आठवत होतं आई, ओळ होती.

तुझ्यावर जळणारी, तरीही तुझीच,
वहिनी