मधल्या फायली

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस चक्क चांगला गेला. टेबल खिडकीपाशी मिळालं, खुर्ची न करकरणारी मिळाली. आईला फोन केला तर म्हणाली, चला, मधलीचं एकदाचं मार्गी लागलं. ताई थोरली म्हणून कौतुकाची, धाकटा शेंडेफळ म्हणून लाडका, आणि मी मधली म्हणून मधली. सवय आहे.

काम आवडीचं आहे. इथले सगळे प्रोग्रॅम ज्या जुन्या युनिक्स टूलने बिल्ड होतात, त्याची देखभाल. एका टोकाला मूळ कोड, दुसऱ्या टोकाला तयार प्रोग्रॅम, आणि मधे हे टूल कामापुरत्या काही फायली बनवतं. बिल्ड पूर्ण झालं की पडद्यावर 'झालं' उमटतं. आजवर ते ऑफिसातल्या जुन्या आप्पांनी सांभाळलं. ते आता निवृत्त झालेत. माझ्या आणि साहेबांच्या मधल्या टेबलावर टेस्टर बसतो. मला बघून त्याने जाहीर केलं, आप्पांच्या घरात सून आली, आता भांडी वाजणार.

बुधवार, ६ मार्च

पहिला बग पकडला. काम झाल्यावर मधल्या फायली आपोआप पुसल्या जायला हव्यात, त्या जातच नाहीत. डिस्क तुंबते. कोडात एक अट उलटी लिहिलेली निघाली. तिच्या डोक्यावर आप्पांची टीप: हे असंच राहू द्या, विचारू नका.

असल्या टिपा पाहिल्या की मला चेव येतो. कारण सांगायचं नाही आणि नुसतं हात लावू नका म्हणायचं, ही कुठली रीत? अट सुलट केली आणि नवं टूल सगळ्यांच्या मशिनवर पाठवलं. दुपारी 'झालं' उमटलं आणि डिस्क रिकामी! साहेब खूश. टेस्टर म्हणाला, डॉक्टरीणबाई, पेशंट वाचला, आता चहा पाजा.

शुक्रवार, ८ मार्च

जिन्यात पडता पडता वाचले. मधोमध एक रुंद पायरी होती, तिथे मी दम घ्यायला थांबायचे. आज पाय टाकला तर पायरीच नाही. वॉचमन म्हणाला, इथे पहिल्यापासून असंच आहे, जरा खाली बघून चालत जा.

ऑफिसात सुतार दोन फडताळं करतोय. दाराजवळचं काल पूर्ण झालं. त्यात तीन फळ्या होत्या, मी स्वतः पाहिल्या. आज वर एक, खाली एक. सुतार शपथेवर सांगतो, बाई, मी दोनच बसवल्या. माझ्या पाठीमागचं फडताळ मात्र त्याच्या 'उद्या'पायी अर्धवट पडलंय. त्यात तिन्ही फळ्या जागच्या जागी आहेत.

सोमवार, ११ मार्च

टेस्टर नाही. त्याचं टेबलही नाही. साहेबांचं टेबल थेट माझ्या टेबलाला टेकलंय. विचारलं तर म्हणाले, कोण टेस्टर? टेस्टिंग तर मीच करतो.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने शेवटचा रिपोर्ट पाठवला होता, टेबल आवरलं होतं, सुटलो बुवा एकदाचा म्हणाला होता. सगळं पूर्ण. त्याचा मग तेवढा माझ्या खिडकीत राहिलाय. त्यात अर्धा चहा आहे. तो प्यायचा राहिला होता.

मंगळवार, १२ मार्च

आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, पोरी, टीप वाचता येत होती ना? त्यांनीही एकदा ती अट सुलट केली होती. तेव्हा टूल त्यांच्या एकट्याच्या मशिनवर होतं, म्हणून मशीनच फोडून टाकता आलं. आम्ही तिघे भाऊ होतो, असं मला वाटतं, म्हणाले. वाटतं!

शेवटी एवढंच म्हणाले, 'झालं' उमटेपर्यंत ते टूल कुणाला शिवत नाही.

दुरुस्ती मागे घेऊन पाहिली. पण टूल स्वतःलाही स्वतःच बिल्ड करतं. 'झालं' उमटलं, आणि मी परत उलटी केलेली अटच पुसली गेली. कोडाच्या मधली म्हणून.

बुधवार, १३ मार्च

आईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, मधली. ती हसली. परक्यांशी हसते तशी. म्हणाली, मला दोनच मुलं, थोरली आणि धाकटा. नंबर चुकलाय बाळा.

बाळा म्हणाली.

माझं काम अर्धवट आहे म्हणून मी अजून इथे आहे. मग अर्धवटच ठेवते. बघू कोण पूर्ण करतं ते.

गुरुवार, १४ मार्च

कोडात एक कंस उघडून ठेवला. बिल्ड अडकलं. साहेबांनी शोधून बंद केला, मी दुसरा उघडला. कुर्त्याचं बटण अर्धं शिवलं. चहा अर्धा ठेवला. सुताराला बजावलं, माझ्या फडताळाला एकही खिळा मारायचा नाही. म्हणाला, असं गिऱ्हाईक जन्मात पाहिलं नाही.

साहेब म्हणाले, जमत नसेल तर राजीनामा दे. नाही देणार. तेही एक पूर्ण होणंच —

शुक्रवार

साहेबांना शेवटचा कंस सापडला. बिल्ड सुरू आहे. ओळी सरकताहेत —

भर दुपार. भिंतीवर माझी सावली. डोकं आहे. पाय आहेत. मधे ऊन.

भीती वाटते. वाटू दे. लहानपणापासून ऐकत आलेय, मधे मधे करू नकोस. आता करणार —

हात अजून लिहितोय. पूर्ण न झालेलं पुसायचं नाही, हा तुझाच नियम. मग हे घे, ही नोंद मी पूर्ण करणार नाही.

पडद्यावर 'झा' आलंय. पुढचं अक्षर — येऊ दे. तुझं झालं असेल, माझं व्हायचंय. मी ताईच्या पाठची, धाकट्याच्या आधीची, आईची मधली, आणि मी