सतरा शेरांचा शिंगाळा आणि आमचा डोह

आधी आली ती वच्छलाबाई, माझ्या पुतण्याची, बंकटची बायको. निमित्त विस्तवाचं, नजर माझ्या जाळ्यावर. मागून बंकट, त्याच्या मागून पंचातले सुग्रीवआबा आणि आणखी दोघं. सगळ्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. तब्येत उत्तम आहे. म्हणूनच मी केसरबाई, गहिनीनाथ भोयाची बायको, वय सत्तरच्या आसपास, राहणार मौजे भोईपिंपरी, तालुका माजलगाव, जिल्हा बीड, दोन भाकरी खाऊन, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नाही, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. अक्षरं माझ्या लेकानं, उत्तरेश्वरनं शिकवली. वेलांट्या चुकल्या तर दोष त्याला द्यावा. मानमोडीच्या तापात गेला, त्याला आता चौथं वर्ष आहे. तो काही रागावणार नाही.

कलम पहिलं. दोन खणांचं घर माझी सून साखराबाई हिला. उत्तरेची भिंत दर पावसाळ्यात पोट काढते, तिला बाहेरून टेकू द्यावा, आतून नको.

कलम दुसरं. माझं विस्तवाचं खापर वच्छलाबाईला, म्हणजे रोज यायला नको.

कलम तिसरं, सिंदफणेतला आमचा डोह. यासाठीच हा कागद.

आमच्यात डोहात मासे धरायचा हक्क घराला असतो. घरात पुरुष उरला नाही की तो भावकीत जावा, म्हणजे बंकटला, असं पंच म्हणतात. पण त्याहून जुना रिवाज असा, की मोठा मासा तोलायच्या आधी त्याचं वजन जो बरोबर सांगेल, डोह त्याचा. उत्तरेश्वरनंतर माझे मालकही गेले तेव्हा याच रिवाजावर पंचांनी डोह मला ठेवला. तेव्हापासून एकदाही माझा अंदाज चुकला नव्हता.

गेल्या सोमवारी चुकला. त्या दिवसापासून मी हसते आहे.

दुपारची वेळ. पाणी असं हिरवं आणि गप्प, की वर झाड कुठलं आणि खाली कुठलं ते कळू नये. साखराच्या गळाला शिंगाळा लागला. बिनखवल्याचा, लांब मिशांचा, तीन हात लांब. पोरीनं दोरी ओढली नाही. दोन बोटांवर धरली, डोळे मिटले आणि झोपेत बोलल्यागत म्हणाली, "आत्याबाई, सतरा शेर हाय."

मासा अजून पाण्यात होता. बंकट काठावरून म्हणाला, "पाऊण मण हाय, तीस शेर. डोस्कं बघ की त्याचं." शिंगाळ्याचं सगळं थोरपण डोक्यात असतं, शेपटीकडं काही नसतं, हे बंकटला कळायचं नाही, दोघांची घडण एकच.

माझी रीत वेगळी. मी मासा कडेवर घेते, लेकरासारखा. घेतला. गार, ओला, जड. त्याच्या मिशा माझ्या मानेला लागल्या, आणि मला वाटलं उत्तरेश्वरच आहे, सहा वर्षांचा, धारूरच्या घाटात चालून दमलेला, खांद्यावर झोपलेला. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. मी म्हणाले, वीस शेर.

आता तोलायचं कसं? गावात काटा एकच, गुंडप्पा वाण्याचा, आणि तो लिंगायत माणूस. त्याच्या काट्याला मासळी लागत नाही. मग नेहमीसारखं केलं. लिंबाच्या बेचक्यात बांबू, एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला पोतं. बांबू आडवा होईस्तोवर पोत्यात जोंधळा ओतला. मग जोंधळा नेला गुंडप्पाकडं. त्यानं पोत्याचं वजन वजा करून, नाक दाबून सांगितलं, "सतरा शेर. वर एक मूठ."

बंकट म्हणाला, वाटेत चिमण्यांनी खाल्ला असंल. तेरा शेर जोंधळा खाणाऱ्या चिमण्या कुणी पाहिल्या असतील तर पंचांसमोर आणाव्यात.

माझे तीन शेर जास्त झाले ते कशाचे, हे मला ठाऊक आहे. साखराला नवऱ्याची आठवण माझ्याहून कमी येत असेल असं नाही. पण तिच्या बोटांनी माशाचं तेवढंच सांगितलं. डोह अशा हाताला द्यावा. सबब डोह, नाव, जाळं आणि सगळे गळ साखराबाईला. तो बांबू बंकटला, एवढ्यासाठी की त्यानं एकट्यानं बसून शिंगाळे तोलायला शिकावं.

आज पंचांना हे तोंडी सांगितलं. सुग्रीवआबा विडी विझवून म्हणाले, "केसरबाई, बाईमाणसाला डोह कावून पायजे?" मी म्हणाले, "तुमी तिलाच इचारा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. साखरा म्हणाली, "मला पान्यातलं कळतंय, म्हून."

आबांनी विझवलेली विडी कानामागं खोचली. म्हणाले, आमच्यासमोर एक मासा धरावा आणि सांगावं, मग बघू. माझं म्हणणं एवढंच, पंचांनी काठावर बसावं, बोलू नये, आणि मासा लागेपर्यंत थांबावं, मग संध्याकाळ का होईना. त्या दिवशी मी असले तर सावलीत बसेन. नसले तर हा कागद गुंडप्पानं वाचावा.

साक्षीदार: गुंडप्पा वाणी, सही. आप्पा घिसाडी, आमचे गळ घडवणारा, अंगठा.
लिहिणार: केसरबाई, सही. हीसुद्धा उत्तरेश्वरनंच शिकवलेली.
मुक्काम भोईपिंपरी, चैत्र वद्य पंचमी, शके १८४४.

पंच अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, डोहावर येतो म्हणून सांगून गेले आहेत.