पात्याची चमक

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज रत्नाच्या हाताला लागलं. माझ्यामुळे!

सकाळी साडेनऊला केळीच्या पॅकहाउसच्या पत्र्याच्या फटीतून ऊन थेट आमच्या टेबलावर येतं. घडाच्या फण्या काढताना सुरी खाली-वर होते आणि दर वेळी पातं डोळ्यांत उजेड मारतं. चम, चम, चम. नव्या स्टीलच्या सुऱ्या आल्यापासून हे चाललंय. आज ती चमक डोळ्यांत नुसती भरून राहिली आणि उजव्या हाताला एकदम हिसका बसला. सुरी उडाली. समोर रत्नाच्या मनगटावर रक्त.

मुकादम झुलालभाऊ धावत आले. रत्नाच म्हणाली, "काही नाही भाऊ, माह्याच हातून लागलं."

नंतर केळी धुवायच्या हौदाशी तिने मला हळूच विचारलं, "हेमलता, तुले काय झालं होतं वं? तुहे डोळे कुठी होते?"

कुठे होते? मला माहीत नाही. मधल्या वेळाचा एक घास कोणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतंय.

७ जानेवारी

सकाळी चहाचा कप हातातून उडाला. पुनमचे पप्पा म्हणाले, "झोप नाही झाली का?" मी हो म्हटलं.

८ जानेवारी

सारखी झुंबरमावशी आठवते. शिरपूरला, मी सातवीत असताना. लग्नाला सहा महिने झाले आणि तिला फेफरं आलं. सासरच्यांनी एस.टी.त बसवून दिली. सोबत कोणी नाही. पिशवीत दोन साड्या. मग ती आमच्याकडेच राहिली. पडली की आई तिच्या नाकाशी कांदा धरायची आणि मला बजावायची— बाहेर बोलू नको. मी आजपर्यंत बोलले नाही.

मला तसलं काही नाही. हे चमकीमुळे होतंय. चमक घालवली की झालं.

१० जानेवारी

काल मेणबत्तीवर पातं धरलं होतं. छान काळं झालं! आज पहिल्याच फणीवर ती काजळी उतरली. सुपरवायझर ओरडला, "बाई, हा माल परदेशात जातो! कोळसे विकायचेत का?" सगळ्या बघायला लागल्या. रात्री सुरी चिंचेच्या कोळात बुडवून ठेवली.

११ जानेवारी

चिंचेने तर आणखी चकचकीत निघाली! सासूबाई हसल्या. "स्टील कधी काळं पडते का वं? माही लोखंडाची घे. केळफूल चिरलं की कशी काळी होते पाहाय." कशाला हवी, ते विचारलं नाही त्यांनी. बरं झालं.

१२ जानेवारी, रविवार

आईला फोन केला. लोखंड काळंभोर करायचं तर काय लावू?

"हिरडा उकळ. त्यामा बुडाव. पन तुले कसाले पाहिजे? बठ्ठं बरं शे ना पोरी?"

"हो, बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे म्हणताना आवाज उगाचच मोठा निघाला माझा.

हिरडे कुटून उकळले. सासूबाईंच्या सुरीचं पातं राखेने घासून तेलकटपणा काढला, मग त्या पाण्यात सोडलं. आधी पिवळट, मग तपकिरी. दोन तासांनी निळसर काळं! धुतलं, पुसलं, गोडेतेलाचा हात फिरवला. अंगणात जाऊन उन्हात खाली-वर फिरवून पाहिलं. काही चमकलं नाही. तव्यासारखं गप्प पातं.

पुनम म्हणाली, "आई, सुरीला मेकअप केलास का?" नववीत गेली तरी बोलणं तेच.

१४ जानेवारी

सुपरवायझरने सुरी उचलली. "गंजलीय ही." खिशातला पांढरा रुमाल काढून पात्यावर घासला. मी नुसती रुमालाकडे बघत होते. रुमाल पांढराच राहिला. "बरं, चालू द्या." सुटले!

१८ जानेवारी

कामावर पाच दिवस काही झालं नाही. तरी भीती जात नाही. काम करता करता स्वतःच्याच हाताकडे बघत बसते, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे. टेबलाच्या टोकाची जागा मागून घेतली, म्हणजे उजव्या बाजूला कोणी नको.

आणि आज सकाळी वेणी घालताना कंगवा उडाला. भिंतीवर जाऊन आपटला. आंघोळीनंतर, घरात, अंधाऱ्या खोलीत! तिथे कुठली सुरी? कुठली चमक?



१९ जानेवारी

रत्ना घरी आली होती. पट्टी काढली होती, खूण राहिलीय. "जळगावले डाक्टरकडे चाल. मी येते संगे. कोणाले सांगत नाही."

मी म्हटलं, औषध चालू झालं की घरात कळणारच. घरात कळलं की गावात. मग पुनमला बघायला कोण येईल?

"अन् उद्या तुह्या गळ्यावरच सुरी आली तं?" एवढं बोलून उठली. चहाही घेतला नाही.

२१ जानेवारी

आज सांगायचंच ठरवलं होतं. पुनमचे पप्पा जेवत होते. सासूबाई बाहेर होत्या. तोंड उघडलं आणि विचारलं, "भाजी वाढू का?"

२४ जानेवारी, जळगाव

पुनम शाळेत परिपाठाच्या वेळी पडली. हातपाय झाडले, तोंडाला फेस. आता शुद्धीवर आहे, झोपलीय. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असं होतं का?" तिचे पप्पा लगेच म्हणाले, "नाही साहेब, आमच्यात कोणालाच नाही." सासूबाईंनीही मान हलवली.

मी म्हणाले, "मला होतं."