शिंगांचं अंगण

१४ डिसेंबर

पोचले एकदाची! स्नो-स्कूटरच्या मागे बांधलेल्या घसरगाडीत पाच तास बसून बूड बधिर झालं होतं, तरी घराचा दिवा दिसला तेव्हा मी गातच होते. जोव्ना म्हणाला, गाणं आवर, रेनडिअर बुजतील. लग्नाला तीन आठवडे झाले नाहीत आणि नवरा टोमणे मारायला लागला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, किनाऱ्यावरची सून आली, आता घरभर माशांचा वास. मी म्हटलं, तुमच्याकडे रेनडिअरचा आहेच की, जमेल दोघांचं. हसल्या.

जोव्नाची पहिल्या बायकोची मुलगी सुन्ना सहा वर्षांची आहे. तिची आई गेली तेव्हा दोन वर्षांची होती. आल्यापासून टेबलाखाली बसून माझ्या बुटांचे गोंडे सोडत होती. मला पोर पाहताक्षणी आवडली. तिला मी आवडायला वेळ लागेल, तो लागू दे.

१८ डिसेंबर

पाय गरम राहावेत म्हणून बुटांत गवत भरायला चौथ्या खेपेला जमलं. नळीचं हाड फोडून मगज काढणं अजून जमत नाही. सुन्ना पोट धरून हसते. आज स्वतःहून माझ्या मांडीवर येऊन बसली आणि हाड कसं धरायचं ते दाखवलं. मला रडूच आलं.

नाताळसाठी अंगण साफ करायला घेतलंय. नाताळच्या आदल्या दिवशी स्टाल्लू राक्षस आपली घसरगाडी घेऊन घरावरून जातो. त्याच्या वाटेत काही आडवं नको, लाकडाच्या राशीतून एक टोकसुद्धा बाहेर नको. गाडी अडकली की तो उतरतो, आणि तो सदाचा तहानलेला. म्हणून दाराशी पाण्याची भरलेली बादली. नसली तर तो पोरांच्या डोक्याला भोक पाडून पितो, हे सुन्नाने मला अगदी चवीने सांगितलं. जोव्ना अशा गोष्टींना हसतो. पण लाकडं रचून झाल्यावर दोनदा परत जाऊन टोकं आत ठोकून आला, ते मी पाहिलं.

२१ डिसेंबर

पाऊस! ऐन डिसेंबरात, धो-धो. सासूबाई खिडकीशी बसून राहिल्या. सत्तर वर्षांत असं पाहिलं नाही म्हणाल्या. संध्याकाळी थंडी परतली आणि सगळ्या बर्फावर काच चढली. रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून खालचं शेवाळ खातात. ही काच त्यांना फुटत नाही. जोव्ना कळपाकडे गेलाय.

२३ डिसेंबर

जोव्ना काल चाळीसेक मरायला टेकलेली जनावरं हाकत घरी आला. काचेने त्यांचे पाय हाडापर्यंत कापले होते. अंगणभर लाल ठसे. उपासाने मरण्यापेक्षा सुरी बरी म्हणून त्याने तिथेच कापायला सुरुवात केली. मी रक्त गोठू नये म्हणून ढवळत होते, कोपरापर्यंत माखले होते. मध्येच परत पाऊस आला आणि रात्रीत सगळं गोठलं. मुंडकी, आतडी, शिंगं जमिनीला घट्ट चिकटली.

सासूबाई बाहेर आल्या आणि किंचाळल्याच. ‘अरे मेल्या, उद्या कोण यायचंय? आणि अंगणात शिंगं?’

जोव्ना तिथेच सुरी टाकून खाली बसला. ‘मग काय करू आई? डोळ्यांदेखत उपाशी मरू देऊ?’

दोघांचंही खरं होतं. मला दोघांचीही कीव आली.

२४ डिसेंबर, सकाळ

पहाटेपासून तिघं कुऱ्हाडी चालवतोय. लाकडाची रासही बर्फात चिणली गेलीय, एक ओंडका सुटत नाही. घरातलं उरलेलं सरपण जाळून मी पाणी तापवलं आणि शिंगांवर ओतत सुटले. घरातलं सगळं पाणी संपवलं. दाराशी ठेवलेल्या बादलीतलंसुद्धा.

बरीच शिंगं निघाली, सगळी नाही. सासूबाईंनी रिकामी बादली पाहिली. विहिरीकडे धावल्या. झाकण बर्फाखाली, हलतच नाही. परत आल्या आणि बादली उचलून पुन्हा दाराशी ठेवली, रिकामीच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपार, दोन

या दिवसांत इथे दिवसभर उजाडत नाही. फक्त चांदणं आहे. चूल विझली. आता बर्फ वितळवून पाणी करायचीही सोय नाही.

रानाकडून गाडी घसरत आल्याचा आवाज. कुत्री भुंकली. मग एकच भुंकलं. मग तेही नाही.

आवाज अंगणात येऊन थांबला. काहीतरी खेचतंय. सुटत नाही, परत खेचतंय.

जोव्ना म्हणतो, लांडगा असेल. कुऱ्हाड घेतली. मी बाही धरली, त्याने सोडवली. जाताना म्हणाला, दार लाव.

अडीच

जोव्ना पायरीवर पडलाय. कवटीला अंगठ्याएवढं भोक. चेहरा वाळवलेल्या माशासारखा. माझा जोव्ना. कुत्र्यांचंही तसंच. कुऱ्हाडीचा दांडा मोडलाय.

बाहेर उभा आहे तो खिडकीपेक्षा उंच आहे. गाडीचा दांडा शिंगांत अडकलाय. मी ते पाणी —

माझ्यामुळे.

पावणेतीन

मागची खिडकी एवढीशी. फक्त सुन्ना मावते. तिची बर्फावरची छोटी ढकलगाडी तिथेच आहे. नदी काचेसारखी, पलीकडे शेजारच्या आन्तेकाकांचा दिवा दिसतोय. सासूबाई म्हणाल्या, पोर निघेपर्यंत कुणीतरी त्याला पुढच्या दारी थोपवून धरायला हवं. केस विंचरले. टोपी घातली. म्हणाल्या, ‘डोकं म्हातारं आहे, पण अजून ओलं आहे गं.’ सुन्नाचा मुका घेतला. गेल्या.

ओरडणार नाहीत असं वाटलं होतं. खूप वेळ ओरडल्या.

तीन

सुन्ना बाहेर. सांगितलं, मागे बघू नकोस. हात सोडेना. मी तिची बोटं सोडवली. एकेक.

नदीवर पोचली — चालवते छान —

पुढे सगळं शांत. फार शांत.

मागच्या बाजूने पावलं. घराला वळसा घालून — नदीकडे — त्याला ती दिसली —

पातेलं बडवतेय. घसा फाटेस्तोवर ओरडले. इकडे ये मेल्या! इकडे! पाणी मी ओतलं, मी! —

थांबला. वळला.

येतोय. दार मी उघडंच ठेवलंय, म्हणजे तिकडे परत जाणार नाही.

पायरी वाजली. दुसरी. मी दाराकडे बघत नाही. नदीकडे बघतेय. पलीकडचं दार उघडलं — पिवळा उजेड — कुणीतरी धावत आलं — तिला उचल