शमशुद्दीनच्या मुठीतली नळी

मी, मृत्युंजय रुद्राप्पा हत्तरकी, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त प्राध्यापक, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. झोप लागत नाही, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही असे डॉक्टरांचे मत आहे.

१. गडहिंग्लजची जमीन व बँकेतील ठेवी मुलगा वीरेश याला.

२. शिवाजी पेठेतले घर माझ्या कमाईचे आहे. ते श्रीमती कुलसुम शमशुद्दीन मुजावर यांना द्यावे. वीरेशने हरकत घेऊ नये म्हणून कारण लिहितो.

भूकंपात ओली वाळू पाण्यासारखी का वाहू लागते, हा माझ्या संशोधनाचा विषय. शमशुद्दीन माझ्या प्रयोगशाळेत मातीच्या चाचण्या घ्यायचा. २००१ च्या भूकंपानंतर आम्ही दोघे कच्छला गेलो. जमिनीतून उसळलेल्या वाळूचे थर पाहायला खड्डा खणला. आत उतरायचे मला होते, पण मी तापाने फणफणलो होतो. तो म्हणाला, "तुम्ही वर बसा सर, मी जातो की." बाजूंना फळ्यांचा आधार होता. तरीही नवा धक्का आला आणि एक बाजू ढासळली. त्याला बाहेर काढले तेव्हा नमुन्याची नळी मुठीत तशीच होती.

चौकशीत माझा दोष निघाला नाही. त्या नळीतल्या वाळूवर मी शोधनिबंध लिहिला. तो गाजला. मला पदक मिळाले.

३. ते पदक वीरेशने भिंतीवर लावू नये. सत्कारात 'विज्ञानासाठी बलिदान' असे शब्द वापरणाऱ्या आमच्या विभागप्रमुखांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. शमशुद्दीनने बलिदान दिले नाही. तो माझ्याऐवजी खाली उतरला.

४. नळीत उरलेली वाळू त्याच्या मुलाकडे, आरिफकडे द्यावी. तिचे काय करायचे ते त्याने ठरवावे.

५. आम्हा लिंगायतांत दहन करत नाहीत, खड्ड्यात बसवून माती देतात. मला गडहिंग्लजला, पत्नीशेजारी बसवावे. खणणारा आत उतरण्यापूर्वी बाजूंना फळ्या लावाव्यात. लोक हसतील, हसू द्यावे.

६. गेल्या रविवारी हे सांगायला कुलसुमभाभींकडे गेलो. इतकी वर्षे ईदला दारातूनच परत फिरत होतो. त्या म्हणाल्या, "घराचं नंतर बघू सर. आधी आत येऊन बसा. ते कसे गेले, ते मला धड कुणी सांगितलंच न्हाई."

मी सगळे सांगितले, तापासकट.

"शेवटचं काय म्हणाले?"

"खालून ओरडला, 'वाळू लई झकास घावलीया, सर.'"

त्या हसल्या. "असंच म्हणणार की ते." मग पदर तोंडाला लावून बसल्या. मीही उठलो नाही.

घराबद्दल त्यांनी अजून होकार दिलेला नाही. कलम दोन मी तसेच ठेवले आहे.

वरील मजकूर वाचून, आमच्या देखत सही केली:
साक्षीदार: डॉ. बाळासो इंगवले (सही)
केरबा साळोखे, शेजारी (सही)

मृत्युंजय रुद्राप्पा हत्तरकी (सही)
कोल्हापूर, १४ नोव्हेंबर २००८