ड्रमरचं अर्धवट पान

प्रिय ठके,

अक्षर ओळखून पत्र फाडू नकोस, आधी वाच. आपण बोलत नाही हे माझ्या लक्षात आहे. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि माझे ईमेल न वाचता उडवतेस हे तुझ्या बहिणीनेच सांगितलं. ती चष्मा करायला आली होती. मी अजून त्याच दुकानात काचा घासते. पत्ताही तिनेच दिला, तिला बोल लावू नकोस.

आपण दोघींनी बँडच्या चाहत्यांसाठी काढलेली वेबसाइट चालू आहे. तोच गडद निळा रंग आणि त्यावर पिवळी अक्षरं. वाचणाऱ्यांचे डोळे बिघडत असणार, म्हणजे दुकानाचा फायदाच. बँड मोडून इतकी वर्षं झाली तरी लोक येतात, कुठल्या कार्यक्रमाला आपण गर्दीत कुठे उभे होतो ते लिहून जातात, गाण्यातल्या एखाद्या शब्दावरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. आमचे हे म्हणतात, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. भाजते बापडी.

आपलं बिनसलं ते ड्रमरवरून. बँडने त्याला काढलं, कंपनीने अल्बमवरून त्याचा फोटोसुद्धा पुसला, आणि मी म्हटलं, आपणही पहिल्या पानावर नवा ड्रमर घालू. तू म्हणालीस, मग माझंही नाव काढ. बँडवाल्यांचं पुढे आपसात जुळलंसुद्धा, अबोला राहिला तो आपला. माझं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. पण तू केलेलं त्याचं पान मी कधी हलवलं नाही, आणि आज त्या माणसाबद्दल दुसरीकडे कुठे एक ओळही सापडत नाही.

मध्यंतरी त्याच्या बायकोचा निरोप आला. त्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. डावा हात नीट उचलत नाही, बोलणं जवळजवळ बंद. व्यायाम शिकवणाऱ्या बाई दाबायला रबरी चेंडू देत, तो भिंतीवर फेकून मारी. मग बायकोला तुझं पान सापडलं. नोटेशन त्याला कधीच वाचता आलं नाही. पण तू कॅसेट मागेपुढे करून आपल्या पद्धतीने लिहिलेलं, ढुम, ठक, ढुम ढुम, छन्न, ते ती मोठ्याने वाचते आणि तो मांडीवर उशी घेऊन वाजवतो. सावकाश, पण दोन्ही हातांनी.

तिसऱ्या गाण्यात तो एका जागी अडला. तिने पुन्हा वाचलं, तो पुन्हा तिथेच अडला. आणि झटक्यानंतरचं पहिलं धड वाक्य बोलला, “हा ठोका माझा नाही.” तिला काही कळेना, म्हणून तिने मला विचारलं. मी दुकानातच हसत सुटले, आणि मग रडायलाच आलं. अगं, तो तुमच्या खालच्या सुताराचा ठोका. तू कॅसेट ऐकत होतीस, तो खाली खिळे मारत होता, आणि तू त्यालाही बँडमध्ये घेतलंस.

आता कामाचं. चौथं गाणं तू भांडणाच्या दिवशी अर्ध्यात सोडलंस. तेवढं एकच त्याने स्वतः बसवलेलं, एका कार्यक्रमात वाजलं तेवढंच, कुठल्या अल्बमवर आलंच नाही. तो रोज तू थांबलीस तिथपर्यंत येतो आणि हात खाली ठेवतो. पुढचं त्याला आठवत नाही. मी आठवून लिहून पाहिलं, पण मी शब्द उतरवणारी, माझं छन्न कुठेही पडतं. बायकोने ते वाचलं तर त्याने मान फिरवली म्हणे. त्या कार्यक्रमाची कॅसेट तुझ्याकडे आहे. टाकली नसशील, मी ओळखते तुला. पुढचं लिही, ठके. मला नाही कळवलंस तरी चालेल, सरळ त्याच्या पानावर लिही, पासवर्ड मी बदललेला नाही. आणि मध्येच सुतार आला तर राहू दे त्याला.

अजून थोडी रागावलेली, पण तुझीच,
काचवाली